सावरखेडच्या सभेतलं निर्णायक मत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय बसवराजअप्पा, व्यासपीठावर विराजमान असलेले प्राचार्य महोदय व संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते माझे गुरुवर्य प्राध्यापक साहेबराव धुतराज सर, व्यासपीठावर या म्हणून तीनदा विनंती करूनही खाली पहिल्या रांगेतच बसलेल्या सरांच्या पत्नी पंचशीलाताई, सरांचे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि तलावाच्या वरच्या व खालच्या गावांहून एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

दोन-चार शब्द बोल, असा अप्पांचा आदेश आहे. वकिलाला असा आदेश द्यायचा म्हणजे अप्पांचा माझ्यावर फारच विश्वास दिसतो. प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांचा वक्तशीरपणा सांगितला, त्यांची सायकल सांगितली, एकाही विद्यार्थ्याला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही हे सांगितलं. सगळं खरं आहे. पण सावरखेड तलावाच्या त्या सभेबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या हे लक्षात आलं, तुमच्याही आलं असेल. या तालुक्यात ती सभा सगळ्यांना माहीत आहे, आणि चारचौघांत तिचा विषय निघाला की आपण सगळे खाली बघायला लागतो.

मागच्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. विचारलं, "सर, त्या सभेबद्दल बोलू का?" सर म्हणाले, "मी त्या सभेचा अध्यक्ष होतो. मला विचारू नका. पंचशीलेला विचारा." ताई आत भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोल की. पण माझ्या आईचं नाव नीट घे. लोकं नुसतं 'ती बाई' म्हणतेत." तर ताई, नाव घेते. सरजाबाई.

आता पहिल्यापासून सांगते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सर तेव्हा तिशीतले, मुखेडकडून नोकरीसाठी इथं आलेले. ते आम्हाला इंग्लंडची राज्यघटना शिकवायचे. पत्र्याचा वर्ग, बाहेर धुरळा, आणि आत राणीचा देश. राणी आहे, पण राज्य ती करत नाही. राज्य चालतं लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं. त्या सभागृहात एक खुर्ची, आणि तिच्यावर स्पीकर. तो वादात भाग घेत नाही, एरवी मतही देत नाही. हे ऐकून आमच्यातला एक मागच्या बाकावरून उठला. "सर, त्यो बोलतच न्हाई, मंग त्याला बोलणारा कामून म्हणतेत?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलात. पूर्वी तिथला राजा खरोखरचा राजा होता. सभागृहाचं म्हणणं राजाच्या तोंडावर जाऊन सांगायचं काम या माणसाचं. म्हणून तो बोलणारा. आणि राजाला न आवडणारं बोलणाऱ्याचं काय होतं? काहींची मुंडकी गेली. म्हणून आजही नवा स्पीकर निवडला की दोन सदस्य त्याला दंडाला धरून खुर्चीकडे ओढत नेतात, आणि तो नको नको म्हणत जातो. आज ती गंमत आहे. एके काळी गंमत नव्हती."

पुढे त्यांनी सांगितलं, खुर्चीवर बसला की त्यानं पक्ष सोडायचा. मतं समसमान पडली तरच स्वतःचं मत द्यायचं, आणि तेही मनाला येईल तसं नाही. जिथं सभागृहालाच बहुमत करता आलं नाही, तिथं आपल्या एकट्याच्या मतानं नवं काही घडवायचं नाही. आहे ते तसंच राहू द्यायचं, म्हणजे सभागृहाला पुन्हा विचार करायला वाव राहतो. आम्ही हे सगळं परीक्षेपुरतं लिहून घेतलं. त्याची कुणाला गरज पडेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

जिल्हा तेव्हा नवा होता. लातूरला नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, आणि आपल्या लोकांना वाटायचं, जिल्हा आला म्हणजे मागून पाणीही येईल. आलं नाही. सलग पाऊस फसला. सावरखेडचा तलाव तळाला गेला आणि त्या उरलेल्या पाण्याचं काय करायचं ते गावांनीच बसून ठरवावं, असं ठरलं. समिती झाली. तलावाला लागून असलेली वरची गावं, त्यांचा ऊस उभा. कालव्याच्या शेवटची खालची गावं, त्यांना प्यायला नाही. दोन्हीकडचे सदस्य बरोबरीचे, अकरा आणि अकरा. वरच्या गावांचे पुढारी होते शेषेराव बिरादार. म्हणजे माझे वडील. खालच्या गावांच्या वतीनं बोलायचा व्यंकटी, पंचशीलाताईंचा सख्खा भाऊ. शेवटच्या वस्तीवर तो आणि त्याची आई सरजाबाई राहायचे.

समितीला अध्यक्ष मिळेना. पहिल्यानं प्रकृतीचं कारण सांगितलं. दुसऱ्याची कडब्याची गंज पेटली, कशी पेटली ते कळलं नाही, पण त्यानंतर तो सभेला आला नाही. मग वडिलांनीच नाव सुचवलं, "धुतराज मास्तर." त्यांचा हिशेब असा, की मास्तर मवाळ आहे, बाहेरगावचा आहे, दबेल. खालच्या गावांनी लगेच होकार दिला. त्यांचा हिशेब असा, की मास्तर आपला जावई आहे.

वडील आणि व्यंकटी सरांना दोन्ही दंडांना धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हॉलच्या मागं उभी होते. आम्हा दोघा-चौघा विद्यार्थ्यांना वर्गातलं आठवलं आणि हसू आलं. सरांचा चेहरा मात्र मला दिसत होता. त्यावर हसू नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. तलावाच्या विषयावर माझ्या घरी कुणी यायचं नाही. आणि मी या खुर्चीवर आहे तोवर माझ्या सासरवाडीला जाणार नाही. व्यंकटीला वाटलं, हे लोकांना दाखवायला आहे. पण त्याचं स्वतःचं लग्न झालं, ताई एकट्या गेल्या. सर गेले नाहीत. वस्तीवर कुजबुज सुरू झाली. इकडे गावातही सरांशी बोलणं कमी झालं. किराणा दुकानदार सामान द्यायचा, पण "बसा सर" म्हणायचा बंद झाला. कुणी धमकी दिली नाही, शिवी दिली नाही. एखाद्या घरात माणूस आजारी असावा आणि सगळ्यांनी दबक्या पावलांनी चालावं, तसं अख्खं गाव चालत होतं.

आणि मग सभेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आमच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. मी आत चहा गाळत होते. एक जण म्हणाला, "तळ्यातल्या आपल्या मोटारी बंद करायचा ठराव मास्तरचा मेव्हणा आणणार हाय. मास्तरनं त्याला मत टाकलं तर?" दुसरा म्हणाला, "टाकू द्या. खालच्या वस्तीवर पत्र्याच्या, कुडाच्या झोपड्या. काडी लावायला किती येळ लागतोय?" मी वडिलांच्या उत्तराची वाट बघत राहिले. ते काहीच बोलले नाहीत. अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. त्यांच्या त्या गप्प बसण्याची भीती मला अजून वाटते. ते आता हयात नाहीत, तरी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात जाऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सिंधूताई, मतं समसमान पडली तर काय करायचं ते मी आधीच ठरवलेलं होतं. नियम मला माहीत होता. आता मी तेच केलं तरी ते नियमानं केलं की भीतीनं, हे माझं मलाच कळणार नाही."

मला रडू यायला लागलं. ते म्हणाले, "नाही, सांगितलंत ते बरं केलंत. माणसांचा जीव आधी." आणि सायकल काढून ते थेट पोलीस ठाण्यात गेले. सभेला बंदोबस्त हवा का, असं फौजदारांनी विचारलं. सर म्हणाले, "सभेला नको, मी बघून घेईन. वस्तीला द्या."

सभा बाजार समितीच्या हॉलमध्ये भरली. बाहेर माणसं जमली होती. ऊन एवढं, की पत्रे तडतडत होते. त्या माणसांच्या हातात काय होतं ते मी सांगत नाही. त्यातले काही जण आज आजोबा झालेत आणि इथं मागं बसलेत.

पहिला ठराव वडिलांचा. तलावाचं कालव्यात पाणी सोडणारं दार उघडावं आणि वरच्या उसाला एक पाळी पाणी द्यावं. व्यंकटी विरोधात बोलायला उभा राहिला आणि आरडाओरडा सुरू झाला. बाहेरून दारावर थापा पडायला लागल्या. तेव्हा सर उठून उभे राहिले. हात जोडले नाहीत, टेबल आपटलं नाही. नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष उभे असताना सदस्यांनी बसायचं असतं." हळूहळू एकेक जण बसला. सगळ्यांत शेवटी माझे वडील बसले. सर म्हणाले, "व्यंकटराव, बोला."

मधेच एक जीप आली. त्या वेळच्या एका मोठ्या पुढाऱ्यांचा माणूस दारात येऊन म्हणाला, "साहेबांचा निरोप हाय. पाणी सोडा म्हणलेत." सर म्हणाले, "सभा चालू आहे. निरोप बाहेर थांबेल. दार लावून घ्या." आणि दार लावलं गेलं! मोठ्या माणसाचा निरोप दाराबाहेर ताटकळलेला मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मतदान झालं. अकरा विरुद्ध अकरा. सरांनी सांगितलं, "सभागृहाचं बहुमत नाही. आहे ते तसंच राहील. माझं मत ठरावाच्या विरोधात. दार उघडणार नाही." खालची गावं आनंदानं ओरडली. वरच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "शेवटी मेव्हण्याचंच राखलं."

सभा तिथं संपली असती तर आज मी मोकळ्या मनानं सरांचं कौतुक करून खाली बसले असते.

पण व्यंकटीनं लगेच दुसरा ठराव मांडला. तलावात बसवलेल्या उपसा मोटारी बंद कराव्यात, पाणी फक्त पिण्याला ठेवावं. दार बंद ठेवून काय उपयोग, वरच्या गावांच्या मोटारी तर चोवीस तास पाणी ओढतच होत्या. सगळ्यांत मोठी मोटार आमची होती. पुन्हा मतदान. पुन्हा अकरा विरुद्ध अकरा.

बाहेरच्या माणसांचं खाकरणं आत ऐकू येत होतं. मी सरांकडे बघत होते. त्यांनी खिशातून दस्ती काढली, चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, "सभागृहाचं बहुमत नाही. आहे ते तसंच राहील. माझं मत ठरावाच्या विरोधात."

व्यंकटीला क्षणभर कळलंच नाही. मग तो उठला. सभेत तो सरांना नेहमी 'अध्यक्षसाहेब' म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला, "दाजी! दाजी, आमी काय प्यायचं?"

सर म्हणाले, "सदस्यांनी खाली बसावं."

बाहेरची माणसं पांगली. वस्तीला कुणी काडी लावली नाही. आमच्या ओसरीवर त्या दिवशी पुन्हा चहा झाला आणि लोक म्हणाले, "मास्तर शहाणा हाय." वडील सुपारी कातरत होते.

मोटारी चालू राहिल्या. उन्हाळा वाढत गेला. तलावाचा चिखल उघडा पडला, मग त्याला भेगा पडल्या. खालच्या वस्तीच्या बाया तलावाच्या पोटात उतरून झिरे खोदायला लागल्या. झिरा म्हणजे वीतभर पाण्यासाठी खणलेला खड्डा. आज कमरेइतका, तर पुढच्या आठवड्यात डोक्याच्या वर. ताई सांगतात, आईला नको म्हटलं होतं. सरजाबाई म्हणाल्या होत्या, "मी न्हाई उतरले तर कोण उतरणार? सुनेला दिवस गेलेत." एका सकाळी त्या उतरल्या, वाटीवाटीनं घागर भरली, वर दिली, आणि झिऱ्याची कड त्यांच्या अंगावर आली. माणसं धावेपर्यंत उशीर झाला होता. ती घागर वर तशीच राहिली होती. तिच्यातलं पाणी कुणी सांडलं नाही. घरी नेलं, कारण घरात दुसरं पाणी नव्हतं.

सर अंत्ययात्रेला गेले. खांदा द्यायला पुढे झाले तर व्यंकटी म्हणाला, "तुमी राहू द्या, अध्यक्षसाहेब. तुमी खुर्चीवर बसा." सर मागं सरले आणि सगळ्यांच्या शेवटी चालत राहिले.

पुढची सभा भरली. सर वेळेवर आले, खुर्चीवर बसले. व्यंकटीनं तोच ठराव पुन्हा मांडला. भाषण केलं नाही. वरच्या गावांच्या बाजूनं गुरुपादप्पा नावाचे एक वयस्क सदस्य होते, कानडी वळणाचं बोलायचे, सभेत सहसा तोंड उघडायचे नाहीत. ते उठले. माझ्या वडिलांकडे बोट करून म्हणाले, "मागं मी हात वर केला तो ह्यांच्याकडं बघून. आज कुणाकडं बघत न्हाई." आणि ठरावाच्या बाजूनं जाऊन बसले. वडील उठले आणि मतदानाच्या आधी हॉलबाहेर निघून गेले. ते द्रवले की हरायला लाजले, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

बारा विरुद्ध नऊ. सरांनी निकाल वाचला, त्याच आवाजात, त्याच चालीत. "ठराव मंजूर. अध्यक्षांच्या मताची गरज पडली नाही." त्याच सभेत त्यांनी राजीनामा दिला आणि चपला घालून उन्हातून वस्तीकडे चालत गेले. ताई आधीच तिथं होत्या. पाऊस पडेपर्यंत त्या परत आल्या नाहीत. त्या दिवशी काय झालं ते ताईंनी मला परवा सांगितलं. "ते आले, दारात बसले. मी म्हणलं, तुमच्याकडं एक मत व्हतं. ते म्हणाले, हाव, व्हतं."

मित्रहो, दोन मतप्रवाह आजही आहेत. काही जण म्हणतात, सर भ्याले. काही म्हणतात, सर नियमाला जागले. हे दुसरे म्हणतात, त्या दिवशी सरांनी एका बाजूचं पारडं जड केलं असतं तर समिती तिथंच मोडली असती, वस्ती जळाली असती, आणि पुढच्या सभेत गुरुपादप्पांना उठायला सभाच उरली नसती. मी वकील आहे. दोन्ही बाजू मला मांडता येतात. सरजाबाईंच्या समोर यातली कुठली मांडायची, ते मला येत नाही. सर, त्या सभेनंतर तुम्ही अठ्ठावीस वर्षं याच गावात राहिलात, बदली मागितली नाहीत, रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला गेलात, माझ्या वडिलांना नमस्कार करत गेलात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यंकटीमामांच्या आडाचा गाळ काढायला जात राहिलात. तुमचा हा सत्कार मला वाटतं त्या अठ्ठावीस वर्षांचा आहे.

आता थोडं आजचं, आणि मी थांबते.

तुम्हाला माहीत आहे, यंदा पोळ्यापासून पाऊस नाही. लातूरला पाणी आगगाडीनं आणावं लागेल की काय, असं लोक बोलू लागलेत. सावरखेडचा तलाव परत तळाला गेलाय. मोटारी पूर्वीपेक्षा मोठ्या आहेत. समितीत वरची आणि खालची गावं परत बरोबरीनं आहेत, आणि यंदा एकमतानं, टाळ्यांच्या गजरात, अध्यक्ष म्हणून मला बसवलंय. सभा सोमवारी आहे.

काल कोर्टातून निघताना एक गृहस्थ भेटले. ओळखीचे. फार आपुलकीनं बोलले. माझी तब्येत विचारली, सरांच्या कार्यक्रमाला येतोय म्हणाले. आणि जाता जाता विचारलं, "मॅडम, तुमची लेक लातूरला क्लासला असते ना? संध्याकाळी किती वाजता सुटतो हो त्यांचा क्लास?"

एवढंच. ते आले आहेत, मला इथून दिसतात. त्यांना माझा नमस्कार. सोमवारी अकरा वाजता मी खुर्चीवर असेन. आज सकाळी मी लेकीला लातूरहून घरी आणलंय. ती ताईंच्या शेजारी बसली आहे.

अप्पा, तुम्ही दोन-चार शब्दांची मुभा दिलीत आणि मी एवढा वेळ घेतला, तरी घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल आपली ऋणी आहे. ताई, तुम्ही बोलू दिलंत, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. सर, आपणास दीर्घायुष्य लाभो. माझ्या बोलण्यात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, मंगल प्रसंगी नको ते बोलले असेन, तर मला लहान समजून आपण सर्वांनी पदरात घ्यावं, आणि सोमवारी सभेला, वरच्या काय नि खालच्या काय, सगळ्यांनी यावं. हॉलचं दार उघडं ठेवणार आहे. बाहेर उभं राहण्यापेक्षा तुम्ही आत बसलात तर मला बरं वाटेल.

नमस्कार.